फाइल नेमकी अडते कुठे?

वेबसाइटवर फोटो झटकन चढतो आणि ४० एमबीचा व्हिडिओ मात्र दर वेळी आपटतो. लगेच इंटरनेटच्या नावाने शिमगा सुरू होतो. पण नेट खराब असेल तर अपलोड कधी ३० टक्क्यांवर तुटेल, कधी ८० वर. ठरावीक आकाराच्या पुढची प्रत्येक फाइल नाकारली जात असेल, तर कुठेतरी कोणीतरी मर्यादा घातली आहे, हे नक्की.

बरं, ती एकच नसते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरकडून आलेली फाइल आधी स्वीकारणारा प्रोग्राम, मूळ सेटिंगमध्ये जेमतेम १ एमबी घेतो आणि त्यापुढे ४१३ हा ‘फाइल फार मोठी’ असं सांगणारा एरर कोड देतो. त्याच्या मागे पीएचपी (वेबसाइट चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा) असेल, तर तिथे एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी. एका नाक्यावर पावती फाडली म्हणून पुढचा नाका सोडत नाही. ‘सेटिंग बदललं, तरी तेच’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

यातली फॉर्मची मर्यादा सगळ्यात फसवी. ती ओलांडली की पीएचपी फाइलच नव्हे, सोबत भरलेलं नाव-पत्ताही टाकून देतं. मग स्क्रीनवर येतं, ‘कृपया नाव भरा’. आता यावरून फाइल मोठी होती हे कोणाच्या डोक्यात येणार?

वेळेचं गणित वेगळं. १० एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला सव्वा एमबीच्या) अपलोडवर २०० एमबीला किमान १६० सेकंद लागतात. एनजिनएक्सची वेळमर्यादा ६० सेकंदांची, म्हणून लोक घाबरून तीच आधी वाढवतात. पण ती पूर्ण अपलोडला नाही, मध्ये काहीच न येता गेलेल्या वेळेला लागू होते. फाइल हळू पण सतत येत असेल, तर ती मर्यादा आड येत नाही. अपलोड १०० टक्के होऊन मग ५०४ हा ‘उत्तर वेळेत आलं नाही’ सांगणारा कोड आला, तर फाइल बहुधा पोचली आहे; मागच्या प्रोग्रामने उत्तर द्यायला उशीर लावला.

५०० हा ‘सर्व्हरमध्येच बिघाड’ सांगणारा कोड आला तर तात्पुरत्या फाइलींची डिस्क भरली आहे का, तेही बघावं. एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत, ते स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त तो उघडायचा कंटाळा नको.

मर्यादा वाटेल तेवढी वाढवणं मला पटत नाही. कोणीही येऊन डिस्क भरून जाईल. खरोखर मोठ्या फाइलींसाठी ब्राउझरमध्येच ५-१० एमबीचे तुकडे करून पाठवावेत. मध्येच नेट गेलं, तर राहिलेले तुकडेच पुन्हा पाठवावे लागतात.