उंदरावरील चाचणी म्हणजे नैराश्यावरील औषध नव्हे

अमुक वनस्पतीच्या अर्काने नैराश्य बरे होते हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, असा दावा वर्षानुवर्षे फिरत आहे; मात्र तो प्रयोग बहुतेकदा उंदरांवरचा असतो. १९७७ मध्ये संशोधक पोरसोल्ट यांनी मांडलेल्या चाचणीत उंदराला पाण्याने भरलेल्या उंच नळकांड्यात साधारण ६ मिनिटे सोडतात आणि शेवटच्या ४ मिनिटांत, केवळ नाक पाण्यावर ठेवून, तो किती वेळ निश्चल तरंगतो हे मोजतात; ही निश्चलता हताशेची खूण मानली जाते. अर्कामुळे हा वेळ घटला, तर अर्क पुढील तपासणीस पात्र ठरतो, एवढेच. कारण कॅफीनसारख्या उत्तेजकानेही उंदीर अधिक हातपाय मारतो. खरी कसोटी माणसांवरील चाचण्यांत लागते, आणि तेथे चित्र गुंतागुंतीचे असते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य व मध्यम नैराश्यात अनेक चाचण्यांत उपयोगी दिसली, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत मुख्य निकषांवर ती, आणि सर्ट्रालीन हे प्रचलित औषधही, औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ हा समज तर अधिकच घातक आहे: हीच वनस्पती यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे (एन्झाइम) प्रमाण वाढवून गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी करते, आणि नैराश्याच्या काही औषधांसोबत घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची क्रिया धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणूनच असा अर्क घेत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.