ग्रीस भरून पुढच्या ॲक्सलची टकटक जात नाही

‘वळताना पुढून टकटक आवाज आला की ग्रीस भरा, काम झालं.’ फोर-व्हील ड्राइव्ह थारवाल्यांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय आणि तो चुकीचा आहे.

पुढच्या ॲक्सल शाफ्टच्या, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो; चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा हा सांधा. त्यातल्या पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला की ग्रीस बाहेर उडतं, चिखल-वाळू आत जाते आणि खाचांना खड्डे पडतात. नवं ग्रीस आवाज काही दिवस दाबेल, पण झिजलेलं पोलाद भरून येत नाही. बूट नुकताच फाटला असेल, आवाज नसेल, तर मात्र जॉइंट धुऊन, मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं) ग्रीस भरून, नवा बूट घालणं हाच योग्य आणि स्वस्त उपाय.

जॉइंट तपासायला मोकळ्या मातीच्या जागेत फोर-व्हील लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. टकटक वाढली तर जॉइंट गेलाय. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर आधी चाकाचं बेअरिंग तपासा; तेवढ्यासाठी शाफ्ट बदलू नका.

आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाड्यांमध्ये नसतो. त्यामुळे वळणावर शाफ्ट आणि जॉइंटवर पीळ येतो.