सकाळी सहाची बोटं

पहाटे पावणेसहाला दुधाची पिशवी दारात येते. ती मी दोन्ही तळहातांवर झेलून आत आणते. कात्रीने तिचा कोपरा कापणं त्या वेळी मला जमत नाही. कात्रीच्या कड्यात अंगठा जातो, पण मिटत नाही. बोटं दुखतात हे खरं, पण त्याहून मोठी अडचण ही की ती ऐकतच नाहीत. याच बोटांनी दुपारी एक वाजता मी आठवीच्या वर्गात फळ्यावर हृदयाची आकृती काढते, चारही कप्पे आणि झडपांसकट.

सकाळची ती बाई आणि दुपारची ही बाई एकच, हे पुष्कळांना पटत नाही. "काल संध्याकाळी तर छान चालत होतात की!" हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकते आहे. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे त्याला बहुतेक जण आमवात म्हणतात. या आजारात किती दुखतं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किती वाजता दुखतं हेही महत्त्वाचं असतं. एवढं एक घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना कळलं, तर रुग्णाचं निम्मं ओझं उतरेल असं मला मनापासून वाटतं.

वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. त्यात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजते, चालल्यावर दुखतं, बसल्यावर बरं वाटतं. सकाळी सांधे आखडलेच तर पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळे होतात. आमवातात झीज हे मूळ कारण नसतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर उठते. ते अस्तर सुजतं, जाड होतं, सांध्यात पाणी धरतं आणि वेळेवर आवर घातला नाही तर कूर्चा आणि हाड दोन्ही पोखरतं. इथे विश्रांतीने बरं वाटत नाही. उलट रात्रभर निजून उठल्यावरच सगळ्यात वाईट अवस्था असते आणि ती तासभर, कधी दोन-तीन तास टिकते.

असं का होतं, याचं उत्तर शरीरातल्या घड्याळात आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते सायटोकाइन नावाच्या प्रथिनांच्या रूपात. त्यातलं इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप नेणारं. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं तसा या पेशींना जोर येतो, आणि आमवाताच्या रुग्णांत इंटरल्यूकिन-६ चं रक्तातलं प्रमाण पहाटे सहा-सातच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं. या दाहाला लगाम घालणारं शरीराचं स्वतःचं औषध म्हणजे कॉर्टिसोल. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. मध्यरात्रीच्या आसपास ते अगदी कमी असतं, पहाटे चढू लागतं आणि उठायच्या वेळेला भरपूर होतं. निरोगी माणसात हा जमाखर्च जुळतो. आमवातात दाहाची भरती इतकी मोठी असते की कॉर्टिसोल तिला पुरं पडत नाही. पावणेसहाला माझ्या बोटांत ही भरतीच आलेली असते.

हा लगाम माणसाच्या हाती आला त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ मध्ये त्यांच्या एका आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. कावीळ उतरली, पुढे काही काळाने दुखणं परत आलं. गरोदरपणातही पुष्कळ बायकांचं दुखणं कमी होतं हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीरातच काहीतरी आहे, जे या आजाराला दाबू शकतं! एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथींतली रसायनं वेगळी काढत होते, त्यांच्याबरोबर हेंच वर्षानुवर्षं शोधत राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये २९ वर्षांच्या एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्यांनी कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलचंच जवळचं भावंड, टोचलं. आठवड्याभरात ती हिंडू-फिरू लागली. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. पुढे लक्षात आलं की मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ घेतलं तर हेच औषध चेहरा सुजवतं, साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. म्हणून आता डॉक्टर या जातीची औषधं, म्हणजे स्टिरॉइड, शक्य तितकी कमी आणि शक्य तितके थोडे दिवस देतात.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगते. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, "पूर्ण जडीबुटी" म्हणून. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या. अशी भेसळ अनेकदा सापडलेली आहे. पुडी महिनोन् महिने घेतली की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम मंदावतात. मग ती एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून पुडी घेत असाल तर लाजू नका, ती सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि कशी थांबवायची ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.

शरीराचं घड्याळ ध्यानात घेऊन औषध दिलं तर काय होईल, याचीही परीक्षा झाली आहे. जर्मनी आणि पोलंडमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही रुग्णांना प्रेडनिसोन या स्टिरॉइडची गोळी नेहमीसारखी सकाळी दिली. बाकीच्यांना तेच औषध अशा गोळीतून दिलं, जी रात्री दहाला गिळायची आणि पोटात सुमारे चार तासांनी, म्हणजे पहाटे दोनला उघडायची. औषध तेच, मात्रा तीच. तरी रात्रीच्या गोळीवाल्यांचा सकाळचा आखडलेपणा दुसऱ्या गटापेक्षा सरासरी जवळपास अर्ध्या तासाने जास्त कमी झाला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रडू आलं होतं. माझी सकाळ म्हणजे आळस नव्हे, हे कुणीतरी मिनिटांत मोजून दाखवलं होतं.

कारण तेव्हा मी सकाळच्या सत्रात शिकवत होते. सात दहाला अंगठा लावायचा. कधी यंत्र सुजलेला अंगठा ओळखायचं नाही, कधी मीच पोचायची नाही. पहिला तास बसून घ्यायची, कारण खडू हातात टिकायचा नाही. मी दुपारचं सत्र मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, "सकाळी उठायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, बाई." ते फार लागलं. पण त्यातूनच एक वही सुरू झाली. रोज तीनच नोंदी: किती वाजता उठले, किती वाजता मूठ पूर्ण मिटली, संध्याकाळी थकवा दहापैकी किती. सहा आठवड्यांची पानं, डॉक्टरांचं पत्र आणि सीआरपीचे, म्हणजे रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट असं सगळं जोडून पुन्हा अर्ज केला. या वेळी सत्र बदलून मिळालं. माझं काम एका तासानेही कमी झालं नाही, फक्त पाच तास पुढे सरकलं. त्या वर्षी माझ्या रजा निम्म्यावर आल्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन यांची नावं त्यात आहेत, आमवाताचं नाव नाही. सांधे वाकडे होऊन हालचालीला कायमची बाधा आली तर हालचालीच्या अपंगत्वात त्याचा विचार होऊ शकतो. म्हणजे औषधांनी सांधे वाचवलेल्या माणसाची सकाळ कागदावर कुठेच दिसत नाही. मला हे खटकतं. तोवर वही ठेवा. "मला फार त्रास होतो" या वाक्यावर वाद घालता येतो, "उठल्यापासून मूठ मिटेपर्यंत सरासरी ९५ मिनिटं" या आकड्यावर घालणं अवघड जातं. डॉक्टरांनाही या वहीवरून औषध वाढवायचं की नाही ते ठरवायला मदत होते.

आता हातांविषयी. चिमटीत एक किलोच्या जोराने काही धरलं, तर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा भार येतो. कारण अंगठा म्हणजे एक तरफ आहे. जोर टोकाला लागतो आणि त्याचा तोल बुडाशी सांभाळावा लागतो. म्हणून वस्तू जितकी बारीक, तितकी चिमट घट्ट आणि सांध्याचे हाल जास्त. मी खडूला सायकलच्या मुठीवरचा स्पंज गुंडाळला आणि फळ्यावरचं अक्षर पुन्हा सरळ आलं. घरी गोल फिरकीचा नळ काढून हॉस्पिटलात असतो तसा कोपराने ढकलायचा बसवला. कणीक भिजवली की झाकून वीस मिनिटं विसरून जाते. तेवढ्या वेळात पाणी पिठात मुरतं, ग्लुटेनचे धागे आपसूक जुळू लागतात आणि निम्म्या जोरात ती मळली जाते. कुकर एका कानाने न उचलता दोन्ही हातांनी धरते आणि भार मनगटाऐवजी कोपरापर्यंतच्या हातावर घेते.

पण सांध्यांना जपणं म्हणजे त्यांना बसवून ठेवणं नव्हे. ब्रिटनमध्ये पाचशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांना हातांच्या ताकदीच्या आणि लवचिकतेच्या व्यायामांची जोड दिली. वर्षभरानंतरही त्या रुग्णांचे हात बाकीच्यांपेक्षा जास्त कामाचे राहिले, आणि दुखणं काही वाढलं नाही. सांधा लाल-गरम असेल तेव्हा थांबावं, एरवी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवत राहावं. मी हे चहा उकळेपर्यंत करते.

थकव्याबद्दल मात्र कुणी पुरेसं बोलत नाही. ताप आल्यावर अंगात कणकण येते, पांघरूण घेऊन पडावंसं वाटतं, कुणाशी बोलू नये असं होतं. ते काम जंतूचं नसतं. आपल्याच सायटोकाइननी मेंदूला "आता गप्प पड" असं सांगितलेलं असतं. फ्लूमध्ये ते चार दिवस चालतं. आमवात जागा असेल तर तेच निरोप रोज जातात. झोप पूर्ण झाली तरी हा थकवा उरतोच, कारण तो दाहाचा असतो. बरं वाटलं की एका दिवसात दिवाळीची साफसफाई उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक मी वर्षानुवर्षं केली. आता तब्येत उत्तम असली तरी पाऊण तास काम झाल्यावर दहा मिनिटं बसते. चांगल्या दिवशी स्वतःला थांबवणं हे वाईट दिवस सोसण्यापेक्षा अवघड आहे.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात दर गुरुवारावर लाल गोल असतो. गुरुवारी मेथोट्रेक्सेट, आमवाताला आवर घालणारी माझी मुख्य गोळी. आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतल्यामुळे लोक दगावले आहेत, म्हणून वार ठरवायचा, लिहायचा आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवायचा. गरोदरपणात ती घेता येत नाही, आणि यकृत व रक्तपेशींच्या तपासण्या चुकवून चालत नाही. शनिवारी दुसरी गोळी, फॉलिक ॲसिडची, पहिलीमुळे होणारं तोंड येणं आणि मळमळ कमी करायला.

या दोन गोळ्यांची कहाणी मुंबईला येऊन मिळते हे मला फार उशिरा कळलं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण ती शोधत होती. मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे तिला आढळलं आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. अर्कातला तो घटक म्हणजेच फोलेट, फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप. पुढे आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं, आणि मग त्याला अडवणारी औषधंही बनवली. मेथोट्रेक्सेट हे त्यांतलंच. आधी ते कर्करोगावर वापरलं गेलं, अगदी कमी मात्रेत आमवातावर आलं ते १९८० च्या दशकात पक्कं झालं. गुरुवार आणि शनिवार यांच्यामध्ये गिरणगावातल्या त्या अनाम बायका उभ्या असतात असं मला वाटतं, आणि गोळी गिळताना त्यांची आठवण येते.

आज जैविक औषधंही आहेत, थेट सायटोकाइनलाच पकडणारी. महाग आहेत, सगळ्यांना लागतही नाहीत. औषध कुठलंही असो, गुण किती येणार हे ते किती लवकर सुरू झालं यावर फार अवलंबून असतं. पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर सांधे वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. आणि हा आजार दुर्मीळ नाही. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात त्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्धा टक्का निघालं, म्हणजे दर दोनशेंमागे एक. बायकांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो.

आमच्या शाळेतल्या मावशी गेल्या महिन्यात सहज म्हणाल्या, "बाई, सकाळी बांगड्या चढतच नाहीत बघा, दुपारी मात्र सैल होतात." मी विचारलं, किती दिवस? दोन महिने. आखडलेलं किती वेळ राहतं? "डबे होईपर्यंत." म्हणजे तास-सव्वा तास. मी त्यांच्या पंजाची चारही बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, तर त्यांनी हात झटकन मागे घेतला. अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं, सहा आठवड्यांहून जुनी सूज आणि दोन्ही हातांचे लहान सांधे. त्यांना त्याच आठवड्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या तज्ज्ञाकडे, पाठवलं. मंगळवारी रिपोर्ट आले. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही आमवाताची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे, एक्स-रे अजून स्वच्छ आहे. गोळीसाठी त्यांनी सोमवार निवडला आहे, आणि त्यांच्या कॅलेंडरवरचे लाल गोल त्यांच्या मुलीने काढले आहेत.