‘१९८४’ ही कादंबरी म्हणजे भविष्यवाणी नव्हे

सांगलीतल्या वाचकांच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: ‘‘१९८४’च्या लेखकाला आजचे कॅमेरे आणि मोबाईल तेव्हाच दिसले होते.’ जॉर्ज ऑरवेलच्या या इंग्रजी कादंबरीत सत्ता पडद्यातून माणसांवर पाळत ठेवते. आजच्याशी असलेलं साम्य खरोखर चकित करतं, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण आधी सालं बघा. पुस्तक आलं १९४९ साली, म्हणजे आपला दक्षिण सातारा (आजचा सांगली) जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी. लंडनमध्ये टीव्हीचं नियमित प्रसारण १९३६लाच सुरू झालं होतं. पडदा माहीतच होता, लेखकाने तो उलटा माणसाकडे बघायला लावला.

कादंबरीचा नायक जुनी वर्तमानपत्रं सत्तेच्या सोयीने बदलतो. हेही कल्पनेतून आलेलं नाही. सोव्हिएत रशियात कालव्याकाठी सत्ताधीश स्टालिनशेजारी उभा असलेला गुप्त पोलीसप्रमुख येझोव मारला गेल्यावर फोटोतूनही पुसला गेला. दोन्ही फोटो आज उपलब्ध आहेत, शेजारी ठेवून बघा. मला तर कॅमेऱ्यांपेक्षा हाच भाग जास्त भीतिदायक वाटतो: कालचा पुरावाच उरला नाही, तर आज खोटं कुणाला ठरवणार?

शिवाय, भविष्य म्हणून वाचलं तर ते चुकलेलंही आहे. नायकाच्या कचेरीत कागद हवेच्या दाबावर नळ्यांतून येतात आणि नको असलेले भट्टीत जातात. संगणकाचा पत्ता नाही.

वाचनालयातून मराठी अनुवाद आणलात, तर पहिल्या काही प्रकरणांतच हे तपासता येईल.