हॅरी स्टाइल्स (2017 चा अल्बम)

वन डायरेक्शन ह्या बॉय बँडमधल्या हॅरी स्टाइल्सचा हा पहिला सोलो अल्बम, नाव पण स्वतःचंच दिलंय. 12 मे 2017 ला कोलंबिया रेकॉर्ड्स कंपनीनं काढला, 10 गाणी, सगळी मिळून 40 मिनिटं. बॉय बँडमधनं सुटलेला पोरगा सहसा नाचायची गाणी करतो, ह्यानं सरळ सत्तरच्या दशकातला रॉक धरला.

2016 मध्ये सगळी मंडळी जमैकात पोर्ट अँटोनियोला जाऊन राहिली आणि तिथल्या गीजॅम स्टुडिओत बरंचसं काम झालं. मुख्य निर्माता जेफ भास्कर, आडनाव वाचून आपल्यातला वाटतोय ना, तर वडील मूळचे भारतीयच. गिटारवाला मिच रोलंड म्हणजे नाद खुळा किस्सा, लॉस एंजेलिसला पिझ्झाच्या दुकानात कामाला, रेकॉर्डिंग इंजिनिअरचा रूममेट म्हणून आत आला, आणि शेवटी बहुतेक गाण्यांच्या लेखकांत त्याचं नाव लागलं.

पहिलं गाणं 'साइन ऑफ द टाइम्स', 7 एप्रिलला आलं, लांबी 5 मिनिटं 40 सेकंद, रेडिओच्या हिशेबात लईच. हॅरीनं रोलिंग स्टोन मासिकाला मुलाखतीत सांगितलं होतं की बाळंतपणात बाळ वाचलंय पण आई वाचणार नाही, तिच्याकडं पाच मिनिटं आहेत, तेवढ्यात ती बाळाला काय सांगेल ते हे गाणं. ब्रिटनमध्ये एक नंबर, अमेरिकेत चौथं. कोल्हापुरात मिरवणुकीत डॉल्बीवर हे काय कामाचं नाही, सुरुवातीला नुसता पियानो, तोवर पोरं चहाला जातील. पण केएमटीच्या बसमध्ये एकाच इअरफोनची दोन टोकं दोन मैत्रिणींच्या कानात, दोघी खिडकीबाहेर बघत गप्प, तिथं हे गाणं बरोबर बसतंय.

अल्बम दोन्ही देशांत एक नंबरला आला, अमेरिकेत पहिल्या आठवड्यात साधारण 2,30,000 युनिट (विक्री आणि स्ट्रीमिंग धरून). समीक्षकांनी आवाजाचं कौतुक केलं, पण डेव्हिड बोवी आणि रोलिंग स्टोन्स बँड ह्या जुन्या रॉकवाल्यांची छाप फार दिसते असंही बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि ते खोटं नाही. गायकानं वाट बदलली म्हणून कोल्हापूरकरांनी बिचकायचं कारण नाही म्हणा, शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादियाखाँसाहेबांनी आवाज बिघडल्यावर गायकी नव्यानं बांधली, तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी (तुलना इथंच थांबवतो, नाहीतर जाणकार मारतील).

खरी गोम वेगळीच. 'पोरींचा गायक' हा शिक्का पुसायला त्यानं रॉक केला असं म्हणणारे होते, गिटार क्लासच्या कट्ट्यावर तर हमखास. पण रोलिंग स्टोन मासिकाच्या त्याच मुलाखतीत त्यानं उलट विचारलं होतं की पॉप ऐकणाऱ्या पोरींची आवड तिशीतल्या शहाण्या बाप्यापेक्षा कमी दर्जाची हे ठरवलं कुणी. 2017-18 च्या टूरमध्ये वन डायरेक्शनचं पहिलं हिट गाणं पण घेतलं, फक्त गिटार वाढवून, आणि व्हिडिओत पोरींचाच आवाज त्याच्यापेक्षा मोठा येतोय.