रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरची यादी कुठून आली

रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की सोलापुरात बहुतेकांच्या यादीत आधी प्रोसेसर येतो, मग ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत माइक. ऑडिओच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड जवळजवळ लागत नाही. तरी ते यादीत शिरतं, कारण नवी पेठेत काय किंवा ऑनलाइन काय, कॉम्प्युटर 'भारी' की साधा हे गेम आणि व्हिडिओ एडिटिंगवरून ठरतं. आवाजाच्या कामाची गरज निराळी आहे, आणि ती का निराळी आहे हे गेल्या चाळीस वर्षांत दडलं आहे.

मंगळवेढ्याचे गायक प्रल्हाद शिंदे महाराष्ट्राच्या गावागावांत पोचले ते रेकॉर्ड आणि कॅसेटवरून. त्या काळी स्टुडिओ म्हणजे टेप मशीन, मोठा मिक्सर आणि बंदिस्त खोली. आपल्या जिल्ह्यातल्या कलाकाराला असं काम करायचं तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. त्या स्टुडिओत कॉम्प्युटरला जागाच नव्हती.

तो आला १९८३ च्या मिडीपासून, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या पद्धतीपासून. मिडीत आवाज नसतो. कोणता सूर, केव्हा, किती जोरात, एवढ्याच सूचना असतात. म्हणून त्या काळच्या कॉम्प्युटरला ते झेपलं. १९८५ च्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला तर मिडीची सॉकेट कंपनीकडूनच बसवलेली होती. खरा आवाज साठवणं मात्र दूरची गोष्ट. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा स्टीरिओ आवाज साधारण १० एमबी जागा घेतो, आणि तेव्हा घरगुती कॉम्प्युटरला हार्ड डिस्क असलीच तर वीस-तीस एमबीची असे.

१९९१ मध्ये प्रो टूल्स ही रेकॉर्डिंगची यंत्रणा आली ती चार ट्रॅकची, म्हणजे चार आवाज वेगवेगळे ठेवणारी. आवाजाचं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर होत नसे. त्यासाठी महागडी वेगळी कार्डं घ्यावी लागत. १९९६ च्या क्युबेस व्हीएसटी या सॉफ्टवेअरने आवाजावरचे इफेक्ट (घुमारा वगैरे) थेट कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चालवून दाखवले. आज आपण ज्या प्रोसेसरवर एवढी चर्चा करतो, तो खऱ्या अर्थाने तेव्हापासून स्टुडिओचा भाग झाला.

पण त्याबरोबर उशिराचा प्रश्न आला. कॉम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही, छोट्या गठ्ठ्यांत घेतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे नमुने, घेत असाल तर १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो, १,०२४ चा सुमारे २१ मिलिसेकंदांचा. येताना आणि जाताना दोन्हीकडे बफर लागतो, त्यामुळे उशीर निदान दुप्पट धरा. हलगी किंवा तबला वाजवणाऱ्याने स्वतःचा ठोका हेडफोनमध्ये चाळीस मिलिसेकंद मागून ऐकला तर त्याची लय मोडणारच. विंडोजमध्ये आवाजाचा मार्ग तेव्हा फार लांबचा होता. १९९७ मध्ये क्युबेसच्याच स्टाइनबर्ग कंपनीने एसियो नावाची ड्रायव्हरची पद्धत आणली आणि सॉफ्टवेअरला उपकरणाशी थेट बोलायची सोय झाली. म्हणून आजही इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेताना त्याच्यासोबत कंपनीचा स्वतःचा एसियो ड्रायव्हर येतो का, हे मी सगळ्यात आधी विचारतो.

प्रोसेसर निवडताना नेमकं हेच लक्षात ठेवायचं. इथे प्रत्येक गठ्ठा वेळेत संपावा लागतो. सरासरी वेग कितीही मोठा असो, एक गठ्ठा चुकला की 'टक्' असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा बसतो. त्यामुळे प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, किती आहेत यापेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त कामाला येतो. वाय-फायचा खराब ड्रायव्हर किंवा वीज वाचवायची सेटिंग चांगल्या मशीनलाही अडखळायला लावते.

सोलापुरात यात उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा-कूलर तर बंदच ठेवावे लागतात. अशा खोलीत पातळ गेमिंग लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, आणि त्याचे पंखे इतके घोंघावतात की माइक ते उचलतो. कागदावरचा वेग मग काही उपयोगाचा राहत नाही. मोठा कॅबिनेट, मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा, आणि कॉम्प्युटर गायकापासून लांब किंवा शेजारच्या खोलीत ठेवता येईल एवढी केबल, यावर खर्च केलेला बरा. २०२० मध्ये ॲपलने एम१ चिपचा मॅकबुक एअर काढला. त्यात पंखाच नाही. आवाजाचं काम करणाऱ्यांना तो आवडला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

इंटरफेसचा इतिहासही असाच आहे. १९८९ चं साउंड ब्लास्टर कार्ड मुख्यतः गेमसाठी होतं. कॉम्प्युटरच्या पोटात इतका विद्युत गोंगाट असतो की नाजूक माइकचा सिग्नल तिथे न नेलेलाच चांगला, म्हणून तो बाहेरच्या डब्यात गेला. त्या डब्यावर माइकला वीज देणारं '४८ व्ही' असं बटण असतं. हा आकडा १९६६ चा: नॉर्वेच्या रेडिओसाठी नॉयमन कंपनी माइक बनवत होती, आणि तिथल्या स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच माइकला दिला गेला आणि पुढे जगभर रूढ झाला. कंडेन्सर माइक बहुधा त्याशिवाय चालत नाही. साध्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. ३२ बिटच्या काळात ४ जीबीची मर्यादा होती, ती कधीच गेली. कीर्तन, मुलाखत, जाहिरातीचा आवाज यांना १६ जीबी भरपूर; सॅम्पलची (खऱ्या वाद्यांचे आधी रेकॉर्ड केलेले सूर वापरणारी) मोठी वाद्यं वापरणाऱ्याने ३२ घ्यावी. एसएसडी हवीच, पण वेगापेक्षा शांततेसाठी: २४ बिटचे १६ ट्रॅक सेकंदाला जेमतेम २.३ एमबी लिहितात, तेवढं जुनी हार्ड डिस्कही करते. बॅकअपसाठी मात्र दुसरी डिस्क ठेवाच.

खोलीचा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, अधिक बोचतो. यंत्रमागाचा धडधडाट भिंतीतून आणि जमिनीतून येतो. फोमच्या चौकड्या चिकटवून तो थांबत नाही. जाड सोलापुरी चादरी भिंतीपासून थोड्या लांब, दुहेरी टांगल्या तर खोलीतला घुमारा छान कमी होतो, पण मागाचा आवाज त्यालाही दाद देत नाही. त्याला माग बंद असतानाची वेळ गाठायची, किंवा तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक वापरायचा. गायकाला बंद कपांचे हेडफोन द्या, नाहीतर त्यातला ताल माइकमध्ये शिरतो. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येते. ती सॉफ्टवेअरने काढत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावणं स्वस्त पडतं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

हे सगळं पाहता मी यादी उलटी लिहितो: आधी खोली आणि माइक, मग इंटरफेस, हेडफोन, आणि शेवटी कॉम्प्युटर. तो जुना असला तरी चालतो. जुना इंटरफेस घेताना मात्र जपून. एके काळी यूएसबीचा वेग १२ मेगाबिट होता, म्हणून चांगले इंटरफेस फायरवायर या दुसऱ्या, जलद जोडणीचे असत. २००० मध्ये यूएसबी २.० ने तो ४८० वर नेला, आणि दोन माइकना तर २.३ मेगाबिटच लागतात. ते फायरवायरचे डबे आज स्वस्तात मिळतात, आवाजही उत्तम देतात. पण नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो आणि बऱ्याच मॉडेलना आजच्या विंडोजचा ड्रायव्हर मिळत नाही. पैसे देण्याआधी तो आपल्याच कॉम्प्युटरला जोडून, दहा मिनिटं सलग रेकॉर्डिंग करून पाहा.