लढतीचा भोवरा (विदर्भ)

रिंगणात दुसऱ्या भोवऱ्यावर नेमका मारता यावा किंवा दुसऱ्याचा मार सोसून फिरत राहावा, यासाठी मुद्दाम घडवलेला लाकडी भोवरा. वऱ्हाडी बोलीत त्याला भवरा म्हणतात. आठवडी बाजारातला रंगीत भोवरा दिसायला देखणा असतो, पण जसाच्या तसा रिंगणात उतरवला तर दोन-तीन डावांत फुटतो. म्हणून मुरलेला गडी बाजारातून फक्त लाकूड विकत आणतो. भोवरा त्यानंतर तयार होतो, कानस, पक्कड आणि हातोडीने, घराच्या ओसरीवर.

खेळ साधा आहे. अंगणात किंवा खळ्यावर रिंगण आखतात. हरलेल्याचा भोवरा आत ठेवतात आणि बाकीचे जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळून, हात डोक्यावर उचलून आपापला भोवरा त्यावर आदळतात. आत पडलेल्या भोवऱ्याला घाव बसावा आणि आपला मात्र फिरत राहावा, ही दुहेरी अट आहे. भोवरा घडवण्यातली सगळी अक्कल या दोन अटींचा मेळ घालण्यात खर्च होते, कारण त्या एकमेकींच्या आड येतात.

मेळ बसतो तो आरीशी. आर म्हणजे भोवऱ्याच्या टोकाचा खिळा. बैल हाकायच्या तुतारीच्या टोकालाही हाच शब्द आहे. बाजारी भोवऱ्याची आर बहुधा मऊ लोखंडाची आणि किंचित तिरपी असते. ती पक्कडीने पिळत पिळत काढावी लागते. हिसका दिला तर लाकडाला तडा जातो. मग भोक गिरमिटाने किंवा तापवलेल्या सळईने सरळ करायचे. नवा खिळा भोकापेक्षा केसभर जाड हवा. तो ठोकताना भोवरा उलटा धरून दोन पायांत दाबतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर पाव फेरा फिरवतात, म्हणजे खिळा एका अंगाला कलत नाही. इथे घाई करू नये. खिळा लाकडाच्या रेषांना समांतर घुसतो, म्हणजे तो पाचरीचेच काम करत असतो आणि जोराचा एक फटका भोवरा उभा चिरतो.

शेवटी आरीला कानस. टोकदार आर घाव घालते, पण सारवलेल्या मऊ जमिनीत रुतते आणि भोवरा लवकर दमतो. गोलसर घासलेली आर कठीण जमिनीवर बराच वेळ फिरते, पण समोरच्याला फक्त ओरखडा काढते. खेड्यातली परीक्षा तळहातावर होते: फिरता भोवरा जाळीने उचलून हातावर घ्यायचा. टोचला तर तो मारायचा, गुदगुल्या झाल्या तर तो टिकायचा. ज्यांना परवडते ते दोन भोवरे बाळगतात. एक मारायला, दुसरा रिंगणात ठेवायला. दोन्ही कामे एकाच भोवऱ्याकडून करून घेण्याचा हट्ट शेवटी दोन्हीकडून फसवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि ते बरेच भोवरे गमावून झालेले आहे.

लाकडाच्या बाबतीत विदर्भ भाग्यवान आहे. साग सगळीकडे मिळतो, कातायला सोपा आणि दिसायला सुरेख. त्याचे वजन घनमीटरला साधारण 650 किलो भरते. पण आघात झाला की तो रेषेवर चिरतो. बाभूळ त्याहून जड आणि चिवट. बैलगाडीची चाके आणि नांगर ज्या लाकडाचे होतात ते मार सोसणारच. धावडा आणखी जड. कुऱ्हाडीच्या दांड्याला तो वापरतात तो याच चिवटपणामुळे. धावड्याचा भोवरा कातताना हत्यार लवकर बोथट होते, म्हणून वाढई, म्हणजे सुतार, कुरकुर करतो. गाडीच्या कामातून उरलेला बाभळीचा ठोकळा मिळाला तर त्याच्याइतके चांगले काही नाही, कारण ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. ओल्या लाकडाचा भोवरा चैत्र-वैशाखाच्या उन्हात आपोआप फाटतो. तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या कारागिरांकडेही असे वाळलेले तुकडे पडून असतात; मुले ते मागून आणतात.

कातून झाल्यावर जवसाचे तेल चोळतात. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होते आणि लाकडाची छिद्रे बुजवते; गोडेतेल नुसते चिकट राहते. तेल वाळले की भोवरा पाण्याच्या बादलीत आडवा सोडून तोल पाहता येतो. लाकूड तरंगते आणि त्याची जड बाजू फिरून खाली जाते. वर राहिलेल्या हलक्या बाजूला कोळशाची खूण करायची, भोवरा पुसायचा आणि खुणेच्या समोरच्या बाजूवरून काचेच्या तुकड्याने थोडेसे खरवडायचे. पुन्हा पाण्यात. कोणतीही एक बाजू हट्टाने खाली जाईनाशी झाली, की तोल साधला. असा भोवरा फिरताना थरथरत नाही, जागच्या जागी निजल्यासारखा दिसतो आणि त्याची गुणगुण एकसुरी येते.

वजन वाढवायचे तर ते घेरावर, आरीजवळ नाही. फिरण्यातला जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो: तेवढेच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेले तर त्याचा परिणाम चौपट होतो. शेतातल्या जळालेल्या पंपाच्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार यासाठी उत्तम. भोवऱ्याच्या सर्वांत रुंद भागी उथळ खाच पाडून तिच्यात तार घट्ट गुंडाळायची, टोके आत दाबायची. वजन बाहेर गेल्याने भोवरा जास्त वेळ फिरतो आणि तारेचे कडे बसल्याने तो सहजी चिरतही नाही. काही गावांत तार लावलेला भोवरा चालवून घेत नाहीत, म्हणून डाव मांडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. त्यावरून होणारी भांडणे भोवरा फुटल्यावरच्या भांडणांपेक्षा मोठी असतात.

जाळी सुती असावी; नायलॉनची घसरते. गुंडाळण्यापूर्वी किंचित ओली केली की पकडते. वेढे आरीपासून सुरू करून वर चढवत न्यायचे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. बोटात अडकवायच्या टोकाला पूर्वी 1943 ते 1947 या काळातला भोकाचा पैसा बांधत, आता सोड्याच्या बाटलीचे चपटे केलेले झाकण. भोवरा फेकताना इतरांनी फेकणाऱ्याच्या मागे उभे राहावे, कारण जाळीत अडकून उलट आलेली आर डोळ्यावर येऊ शकते.

आज खेड्यांतल्या मुलांना प्लास्टिकचा लढाऊ भोवरा, म्हणजे बेब्लेड, ठाऊक आहे. जपानमध्ये बेगोमा नावाच्या लहान बिडाच्या भोवऱ्यांचा खेळ होता. बादलीवर ताणलेल्या कापडावर ते लढवत आणि मुले त्यांच्या कडा घासून धार काढत. त्याच खेळावरून ताकारा कंपनीने 1999 मध्ये बेब्लेड काढला. 2023 पासूनच्या बेब्लेड एक्समध्ये वरची पाती, मधला रॅचेट आणि खालचे टोक, म्हणजे बिट, असे तीन सुटे भाग असतात. स्पर्धेत समोरचा भोवरा आधी थांबला तर 1 गुण, तो मैदानाबाहेर गेला किंवा सुटा झाला तर 2, आणि मैदानातल्या एक्स्ट्रीम नावाच्या खाचेत गेला तर 3. 4 गुण करणारा जिंकतो.

दोन्हीकडे हिशेब मात्र उलटा आहे. लाकडी भोवऱ्याचा हल्ला फेकणाऱ्याच्या मनगटातून येतो, म्हणून मारणारी आर अणकुचीदार असते. बेब्लेडचा हल्ला जमिनीवर पडल्यानंतर सुरू होतो, म्हणून मारणाऱ्या बिटचे टोक सपाट ठेवतात. ते मैदानाला घासत धावत सुटते. टिकणाऱ्याचे टोक तिथे बारीक किंवा गोलसर. अधिकृत स्पर्धेत भाग अदलाबदल करायची मुभा आहे, घासायची किंवा चिकटवायची नाही. कानस घेऊन वाढलेल्या पोराला हा नियम पटवून देणे कठीण जाते. त्याच्या लेखी भोवरा घासल्याशिवाय आपला होतच नाही.

रिंगणात फुटलेला भोवरा चुलीत जातो. त्याची आर मात्र राखेतून शोधून काढतात. विस्तवात तापून ती मऊ पडलेली असते, म्हणून लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेतात आणि पुढच्या ठोकळ्यात ठोकतात. एकच आर तीन-चार भोवऱ्यांतून फिरलेली असते आणि मालक तिच्या लांबीवरून ती ओळखतो.